भाव पडला की कुणाचं भलं?

शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली खटपट्या म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, नाव शोभायचं. उघडून बघितल्याशिवाय त्याला कुठली वस्तू कळायचीच नाही. नवा पंखा आणला तरी आधी तो खोलणार. बायको कपाळावर हात मारून घ्यायची. पण धंदा याच खोडीवर चालला होता. लोकांनी भंगारात काढलेल्या मशिनी तो मातीमोल भावात उचलायचा, आडव्या करून पोट तपासायचा, तेल पाजायचा आणि चांगल्या किमतीला विकायचा. स्वस्त आणि मेलेलं काही दिसलं की त्याचे डोळे लकाकायचे.

इथेच तर घोडं पेंड खातं. दुकानाचा गाळा मालकाने विकायला काढला होता. खटपट्याने घेतला तर ठीक, नाहीतर दुसरा घेणार आणि याचं बस्तान उठणार. नवरा-बायकोने पै-पै साठवली होती, तरी थोडी कमी पडत होती. ती भरून काढायला स्वारीने एका पडेल कंपनीचे शेअर घेतले. एक शेअर चहाच्या कपाहून स्वस्त! कंपनीला मोठं भांडवल मिळाल्याची बातमी आली, आणि भाव पडला. याने आणखी घेतले. पुन्हा पडला, पुन्हा घेतले. मेलेली मशीन जितकी स्वस्त तितकी बरी, हा त्याचा जन्माचा हिशेब.

साठवणीतले निम्म्याहून जास्त पैसे गेले, तेव्हा तो घाबरला. पण भीतीपेक्षा कुतूहल छळत होतं. बातमी चांगली, मग रोज एवढे शेअर विकतंय कोण? आणि ते येतात तरी कुठून? एका हिशेबतपासनिसाच्या ऑफिसात काम करणारी भाची घरी आली, तसं त्याने तिला गाठलं.

तिने फोनवर कंपनीची माहिती वाचली. "मामा, हे भांडवल म्हणजे कर्ज आहे. पण सावकार पैसे परत मागत नाही, शेअर मागतो. तेही बाजारभावापेक्षा स्वस्तात."

"मग देतील की ठरलेले शेअर."

"शेअर ठरलेलेच नाहीत, रक्कम ठरलीय. भाव निम्मा झाला की तेवढ्याच कर्जापोटी दुप्पट शेअर द्यायचे. कंपनी नवे काढते, सावकार लगेच विकून टाकतो, भाव आणखी पडतो. मग उरलेल्या कर्जाचे त्याला आणखी जास्त मिळतात."

"म्हणजे भाव पडला तरी त्याचं काही बिघडत नाही?"

"त्याचं नाही, तुझं बिघडतं. कंपनी आहे तेवढीच, वाटेकरी मात्र रोज वाढतायत."

खटपट्या ऐकतच राहिला. काय डोकं चालवलंय लेकाच्यांनी, असंही त्याला वाटून गेलं.

बायको शेजारीच बसून ऐकत होती. "अहो, मशीन घेताना आडवी करून पोट बघता. हिचं का नाही बघितलं?"

"स्वस्त होती ना," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच त्याने सगळे शेअर विकायला लावले. वाटलं होतं, कुत्रंही विचारणार नाही. पण क्षणात विकले गेले. हाती आलेल्या पैशांत गाळा बसत नव्हता. त्याने मालकाला तसं सांगून टाकलं.

महिनाअखेर दुकान रिकामं करतानाही ते क्षणात विकले गेलेले शेअरच त्याच्या डोक्यात घोळत होते.

"आपले शेअर घेतले कुणी असतील गं?"

"असेल कुणी तुमच्यासारखा. स्वस्त दिसले असतील."

खटपट्या हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. "त्याला सांगणारी एखादी भाची असेल का?"

दारावरची पाटी उतरवायला बायको स्टूल शोधत होती.