आक्कांची मिश्री

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. तुम्ही समोर बसलाय असं धरून लिहिते.

कोल्हापुरात आमची खानावळ. पाटीवर लिहिलेलं, चुलीवरचं मटण. नव्वदनंतर घरोघरी गॅस आला, तशी आमच्या चुलीला गिऱ्हाइकं वाढली. चुलीपुढं बसायच्या माझ्या थोरल्या जाऊबाई, आक्का. विधवा, पोरबाळ नाही. चूल मागच्या खोलीत; तिला खिडकी नव्हती, वर एक झरोका. आणि मी? मी पुढं, गल्ल्यावर, पंख्याखाली. "वैनी, रस्सा एक नंबर!" म्हणायचे लोक, आणि मी मान डोलवायची. रस्सा काय मी केलेला असायचा?

आक्कांना दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग नुसतं बोलतानाही. शेवटी दवाखान्यात ठेवलं. वॉर्डात सगळे तसलेच — पुढं वाकलेले, हात गुडघ्यांवर, ओठांचा चंबू करून श्वास सोडणारे. बाप्ये विड्या ओढून आलेले. बायकांनी कुठं ओढली होती विडी?

आक्कांच्या तोंडावर मास्क, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मलाच विचारलं, "यांचं धुरात काम असतं का? चूल वगैरे?"

काय सांगायचं होतं? एक 'हो'. पण चूल बंद करा म्हणाल्या तर — पाटीचं काय?

"न्हाय वो, गॅस हाय की घरात." होता गॅस — चहापुरता. वर आणि म्हणाले, "दाताला तंबाखूची मिश्री लावत्यात तेवढी."

मग डॉक्टरीणबाईंनी मिश्रीवरनं आक्कांनाच झापलं. आक्का माझ्याकडं बघत होत्या. मी खाली बघितलं.

घरी आल्या आल्या आक्कांनी मिश्रीची डबी गटारात टाकली. तेवढाच एक शौक होता बाईला. "सोडली बघ, शालन. आता उतरंल दम," म्हणाल्या, आणि फुंकणी उचलली. एक फुंकर घालायची, थांबायचं, गुडघ्यांवर हात टेकायचे — परत फुंकर. मी उठवलं का त्यांना? "आक्का, पावणं खोळंबल्यात," म्हणाले मी.

पुढचा उन्हाळा त्यांनी बघितला नाही.

लोक म्हणाले, शालननं जावेचं किती केलं! मी ऐकून घेतलं. चुलीपुढं मी मात्र बसले नाही, एक दिवसही नाही. पगारी बाई बसवली. खिडकी तेव्हाही पाडून घेतली नाही.