काळ्या शाईतली नावं

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट शिकागोच्या चायनाटाउनमध्ये, भाजीच्या दुकानात झाली. मी शॉमबर्गहून ऑफिसच्या मित्रांबरोबर जेवायला गेलो होतो. सलवार-कमीज आणि वर जाडजूड स्वेटर घातलेल्या एक बाई दुकानदाराशी कँटनीजमध्ये तावातावाने बोलत होत्या. पिशवी उचलता उचलता स्वतःशीच म्हणाल्या, "काय बाई हा दुधीचा भाव!"

"काकू, तुम्ही मराठी?" मी विचारलं.

"मग काय चिनी वाटले? आणि काकू नको, ताई म्हणा. इथे सगळे तेच म्हणतात."

ते खरंच होतं. त्यांच्या तीन मजली इमारतीतल्या चिनी म्हाताऱ्यासुद्धा त्यांना 'ताई'च म्हणत. ताई जवळच्याच हॉस्पिटलात नर्स होत्या. रुग्णांशी बोलता यावं म्हणून ड्यूटी संपल्यावर त्या कँटनीज शिकल्या. यजमान गेले, मुलगा दूर जॉर्जियात, अल्फारेटाला स्थायिक झाला, ताई मात्र पस्तीस वर्षं त्याच दोन खोल्यांत राहिल्या. शेजारच्या लाम आजींना ऐंशीव्या वर्षी जिना झेपेना, तेव्हा त्यांची भाजी आणि औषधं ताईंच्याच हातून वर जात. यातलं काही ताईंनी मला कधी सांगितलं नाही, लाम आजींनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

मग घरमालकांनी इमारत विकायला काढली. आजूबाजूला काचेचे टॉवर उभे राहत होते, भाडी चढत होती आणि बावीसपैकी चार कुटुंबं आधीच लांब उपनगरात गेली होती. एक सेवाभावी गृहसंस्था इमारत घ्यायला आणि भाडं आवाक्यात ठेवायला तयार होती. अट एवढीच, की 'आम्हाला इथेच राहायचं आहे' अशी उरलेल्या अठराही घरांची सही पंधरा दिवसांत हवी. नाहीतर इमारत बिल्डरच्या घशात जाणार आणि लाम आजी ऐंशीव्या वर्षी रस्त्यावर येणार!

मुलगा रोज फोन करी, "आई, जस्ट मूव्ह इन विथ अस." ताईंचं उत्तर ठरलेलं, "येईन रे. पण आत्ता आले तर एक सही कमी पडेल."

एव्हाना माझं ताईंकडे जाणं-येणं वाढलं होतं. माझ्याकडे काम होतं सह्यांसाठी अठरा घरांच्या नावांचा तक्ता करण्याचं. आता ताईंच्या या गौरवग्रंथात माझा गाढवपणा कशाला, असं संपादक म्हणतील. पण तो सांगितल्याशिवाय ताई कळायच्या नाहीत. टपालपेट्यांवरची चिनी नावं मी एकेक रेघ बघून मोठ्या कागदावर उतरवली. आणि लाल मार्करने! आमच्या नागपूरच्या घरी पत्रिकेला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय शुभकार्य सुरू होत नाही. यांचे तर कंदीलही लाल, सणाला पैसे घालून द्यायची पाकिटंही लाल. स्वतःवर जाम खूश होतो मी.

रविवारी सगळे तळमजल्यावर जमले. तक्त्याकडे बघितलं आणि एकेक जण सही न करताच जिना चढून गेला. वर लाम आजींपर्यंत बातमी पोचली, त्यांनी तर दार लावून घेतलं. ताई शेवटी आल्या. तक्ता बघितला आणि उलटा करून ठेवला.

"अहो, जिवंत माणसांची नावं लाल शाईत लिहीत नाहीत यांच्यात. ती गेलेल्यांची."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ताई एका शब्दाने रागावल्या नाहीत. दुपारभर स्वयंपाकघरात बसून त्यांनी अठराही नावं काळ्या शाईत पुन्हा लिहिली. मग शकुनाच्या संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि दारोदार निघाल्या. प्रत्येक दारात मी संत्री दोन्ही हातांनी पुढे करायची आणि ताईंनी म्हणायचं, "चूक माझी. मी यांना आधी सांगायला हवं होतं." चूक शंभर टक्के माझी होती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं की ताई माझ्या पायावर पाय देत.

लाम आजींनी सर्वांत शेवटी दार उघडलं. चष्मा लावून स्वतःचं नाव तपासलं. ताईंची एक रेघ चुकली होती, ती दुरुस्त केली आणि मग सही केली. त्या काय म्हणाल्या, ते ताईंनी हसत हसत मला मराठीत सांगितलं, "मालकांना कळवा, मी अजून मेलेले नाही!"

अठरा सह्या मुदतीत पोचल्या. इमारत वाचली. लाम आजी त्याच खोलीत आहेत आणि ताईही. गेलेल्या चार कुटुंबांची रुखरुख ताईंना अजून आहे. दर शनिवारी बस बदलत बदलत त्या त्यांच्यापैकी कुणाकडे तरी जाऊन येतात.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त आपल्या मराठी मंडळाने हा ग्रंथ काढायचा ठरवला, तेव्हा मुखपृष्ठावर त्यांचं नाव कुंकवाच्या रंगात हवं असा सर्वांचा आग्रह होता. नमुना घेऊन मी कौतुकाने इमारतीत गेलो. लाम आजींनी तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि टेबलावरचं काळं पेन उचलून ताईंच्या नावावरून सावकाश, एकेक अक्षर गिरवलं. मराठीचा गंध नाही, पण एक काना सुटला नाही.

मुखपृष्ठावर ताईंचं नाव काळं का, असं ज्यांना वाटलं असेल, त्यांच्यासाठी हा खुलासा. ताई, लाल शाईची घाई आम्हाला मुळीच नाही. ठणठणीत राहा, दुधीच्या भावावरून भांडत राहा आणि शंभरीच्या ग्रंथावरही तुमचं नाव असंच काळंकुळकुळीत असू द्या. गिरवायला लाम आजी आहेतच.