आक्कांची चूल आणि माझे सात दगड

त्या वर्षी जानेवारीत माझं सगळं भवितव्य सात लाल दगडांवर टेकलं होतं, आणि ते दगड चेन्नईच्या अड्यार भागातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, पलंगाखाली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते.

साधे दगड नव्हेत हो, अश्मयुगातल्या माणसानं घडवलेली हत्यारं. चेन्नईच्या पश्चिमेला तास-दीड तासावरच्या एका माळावर मला ती वीतभर खोल मातीत सापडली होती. तिकडचा दगड एरवी पिवळट-करडा. माझी सातही हत्यारं विटेसारखी लाल, तडकलेली. दगडातलं लोह तापलं की तो लाल होतो, हे पुस्तकात होतं. म्हणजे ही आगीत पडली होती. म्हणजे ज्यानं ती घडवली त्यानंच आग पेटवली होती! यातला दुसरा ‘म्हणजे’ किती लंगडा होता, ते मला दिसत नव्हतं. पोंगलनंतरच्या, म्हणजे तिकडच्या संक्रांतीनंतरच्या, सोमवारी विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात हे मांडायचं होतं. पटलं तर पीएचडीला नोंदणी, नाहीतर गाशा गुंडाळून नाशिकला परत. तिथे मामानं बँकेच्या परीक्षेचा फॉर्म आणूनच ठेवला होता.

“आधी तसलेच दगड स्वतः जाळून दाखव,” माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं.

मग मी नदीतल्या गोट्यांवर गोटे आपटून हत्यारं घडवली. अंगठा दोनदा सुजला. घरमालकीण आक्कांच्या परसात सुरूच्या लाकडांची आग करून ती त्यात ठेवली. आक्का तंजावरकडच्या मराठी, रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचं मराठी मला बारा आणे कळायचं, माझं त्यांना तेवढंच. उरलेले चार आणे हातवाऱ्यांवर.

पहिलाच दगड बंदुकीसारखा फुटला. त्याची कपची आक्कांच्या दोरीवरच्या साडीला भोक पाडून गेली.

“अग, दगड कशास शिजवतेस? कोण खाणार तें?” आक्का धावत आल्या.

“संशोधन आहे, आक्का.”

“ओला दगड अडुप्पूंत घालूं नये. फुटतो.” अडुप्पू म्हणजे चूल. मी ऐकून घेतलं, वहीत लिहिलं मात्र नाही. बाकीचे दगड हळूहळू लाल झाले, हुबेहूब माझ्या सातांसारखे. मी परसात एकटीच नाचले.

पोंगलच्या सकाळी आक्कांनी अंगणात तीन विटा मांडून पितळी भांड्यात दूध चढवलं. सणाचा गोड भात करायचा होता, त्याचंही नाव पोंगलच. मी मैत्रिणीचा डिजिटल कॅमेरा मागून आणला होता. सादरीकरणात चुलीचा एक फोटो असावा, असं मनात होतं.

“आक्का, विटांऐवजी दगड मांडूया की. फोटो जुन्या काळचा वाटेल.”

“नको. एकदां शेजारणीसंगें तिच्या गांवच्या देवीस गेलें होतें. आडी महिन्यांत, म्हणजे तुमच्या आषाढांत, अस्के जण तेथ दगडांवर पोंगल करतात, दर वर्षीं. माझा दगड फुटला, भांडें कलंडलें.” त्यांनी मनगटावरचा भाजल्याचा डाग दाखवला.

“कुठली देवी?” मी सहज विचारलं.

“दोन ताडांखालीं मातीचे घोडे अहेत पाहा, तेथली.”

त्या घोड्यांना मी चांगली ओळखत होते. माझा खड्डा तिथून दहा पावलांवर होता आणि खणताना जेवणाचा डबा मी रोज एका घोड्याच्या कानाला अडकवायची.

“पण माझे दगड वीतभर खोल होते!”

“मग? विस्तव उघडा टाकून कोण येतें? वर माती लोटतों. वीतभर.”

हत्यारं जुनीच होती. आग मात्र कदाचित गेल्या वर्षीची. तेवढ्यात दूध उतू गेलं आणि आक्का “पोंगलो पोंगल!” म्हणून ओरडल्या. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते.

“स्वयंपाक वेगळा आणि संशोधन वेगळं, आक्का! यातलं तुम्हाला काही कळत नाही!”

आक्कांनी पानात पोंगल वाढला, वर तूप जरा जास्तच घातलं. रागावलेली असूनही मी दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी उठून बाहेर येते तो आक्का पायरीवर बसलेल्या, मांडीवर माझा दगडांचा डबा. आदल्या दिवशी फोटोसाठी बाहेर आणलेला तो डबा रागाच्या भरात मी अंगणातच टाकून गेले होते. तांदूळ निवडावेत तसे त्या दगड निवडत होत्या. सहा एकीकडे केलेले.

“हे अडुप्पूचे. एका अंगासच लाल, पाहा. भांड्याखालचे.” मग सातवा माझ्यापुढे धरला. “हा नव्हे. हा अवघा लाल झाला, मग कोणी ठोकून धार काढली. धारेकडे लाल नाहीं. पोंगल झाल्यावर बायका भांडें घासतात. अडुप्पूच्या दगडास धार काढत कोण बसेल?”

मी दगड हातात घेतला. धार खरोखरच पिवळट होती, आणि झिजून गुळगुळीत झालेली. म्हणजे आग धारेच्याही आधीची, आणि ठोकणाराही आजकालचा नव्हे. सहा महिने तो दगड माझ्या पलंगाखाली होता. मला माझीच लाज वाटली.

सोमवारी मी एकच दगड घेऊन गेले. सहा का वगळले आणि हा का ठेवला, ते सांगितलं. सरांनी विचारलं, “हे तुझ्या लक्षात कसं आलं?”

‘निरीक्षणातून’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. तो गिळला.

“माझ्या घरमालकीणबाईंनी दाखवलं. चाळीस वर्षं चूल पेटवताहेत.”

सभागृह हसलं. सर हसले नाहीत. त्यांनी भिंगाखाली दगड बराच वेळ फिरवला, माझ्या पीएचडीच्या फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, “विभागात जळक्या हत्यारांचा एक अख्खा खण पडून आहे. बाईंना शनिवारी वेळ आहे का, विचार.”

म्हणजे विचारायचं मलाच होतं. वाटेत मोगऱ्याचा गजरा घेतला आणि घरी जाऊन, मान खाली घालून, विचारलं.

आक्कांनी गजरा हुंगला, सावकाश केसांत माळला, आरशात बघितलं.

“येतें,” त्या म्हणाल्या. “पण सैंपाक वेगळा आणि संशोधन वेगळें, नव्हे कां?”