गॅलरीतले लाल टॅग

आमच्या घरात सुट्टीची वाटणी झालेली आहे. भोसरीतली वर्कशॉपं गुरुवारी बंद, शाळा रविवारी. त्यामुळे गुरुवारी मी घर आवरायचं आणि रविवारी, आम्ही दोघं नवरा-बायको कामावर असताना, पोरांनी ते पुन्हा होतं तसं करून ठेवायचं, असा अलिखित करारच होता.

मी वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळते. कुठलाही नट-बोल्ट मागा, डोळे मिटून काढून देते. आणि चिखलीतल्या आमच्या वन बीएचकेत सकाळी शाळेचा दुसरा मोजा सापडत नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे येऊन बघावा.

बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी, दोघांना हॉलमध्ये एकच कोपरा. त्याला अभ्यास करायचा असतो, तिला तिथेच भातुकली मांडायची असते. रोजची मारामारी. शेवटी दोघांनी एकी करून मागणी केली, "आम्हाला गॅलरी द्या."

"आधी तुमचा पसारा दोन क्रेटमध्ये बसवून दाखवा, मग गॅलरी," मी म्हणाले. हे जन्मात होणार नाही, अशी माझी खात्री होती. वर वर्कशॉपमधला नियमही शिकवला. बरेच दिवस न वापरलेल्या वस्तूला लाल टॅग बांधायचा. आठवडाभरात कुणी तिचं काम सांगितलं तर ती राहणार, नाहीतर भंगारात किंवा ज्याला लागते त्या खात्यात. स्टोअरमध्ये फिटर लोक जुन्या वस्तूला चिकटून बसले की मी त्यांना सुनावते, "उपयोग सांगा, आठवणी सांगू नका." तेही वाक्य मी मोठ्या तोऱ्यात पोरांना ऐकवलं.

जुन्या लग्नपत्रिका कापून पोरांनी टॅग केले. तुटक्या गाड्या, पेन्सिलींची थोटकं, एका हाताच्या बाहुल्या, सगळं गेलं. गंगेत घोडं न्हालं, म्हणून मी खूश.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं कामावरून आलो तर समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण जिन्यातच भेटली. लातूरकडची, नवीन लग्न झालेली, सातवा महिना चालू असलेली. रविवारी आमच्या पोरांवर तिचंच लक्ष असतं. ती हसत म्हणाली, "ताई, पोरं सकाळपासून काय तर बांधायलेत बगा गॅलरीत."

गॅलरीत वर्षानुवर्षं साठलेलं आम्हा मोठ्यांचं सामान होतं, आणि प्रत्येक वस्तूला लाल टॅग लटकत होता. पाहुण्यांसाठी जपलेल्या आणि पाहुण्यांना कधीच न दिसलेल्या डिनर सेटला. कंपनीकडून दिवाळीला मिळालेल्या टिफिनच्या डब्यांना. ते बघून नवरा पोट धरून हसला. मग त्याच्या टीव्हीच्या रिकाम्या खोक्यालाही टॅग दिसला. तो टीव्ही विकूनसुद्धा जमाना झाला होता.

"राहू दे रे भावा, लागेल कधीतरी," तो मुलाला म्हणाला.

"पप्पा, 'कधीतरी' कॅलेंडरात दाखवा," मुलगा म्हणाला. आवाज थेट माझा होता.

सगळ्यात मागे घडी घातलेला पाळणा होता. त्यालाही टॅग.

माझा पारा चढला. "याला हात लावायचा नाही!"

"का? कोण झोपतं त्यात?" मुलीने विचारलं.

"तुम्ही झोपायचात."

"आता आम्ही मावत नाही ना, आई," ती म्हणाली. आमटीत मीठ कमी आहे म्हणावं, इतक्या सहज.

मुलगा झाला तेव्हा आम्ही भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायचो. नवऱ्याने मित्राकडून लोखंडी पाइप वेल्ड करून हा पाळणा बनवून घेतला होता. त्याने अर्धी खोली अडायची. बाळाचं नाव ठेवायला बुद्धविहारातल्या बायका आल्या, तर निम्म्या दारातच उभ्या राहिल्या. मी शिफ्टला गेले की शेजारची म्हातारी त्याची दोरी ओढायची. दोन्ही पोरं त्यातच वाढली.

नंतरचे दिवस मी पाळण्याचा उपयोग शोधत होते. कपडे वाळत घालायला? कुंड्या ठेवायला? स्टोअरमध्ये फिटरसमोर बसूनही तेच डोक्यात. सापडत होत्या त्या नुसत्या आठवणी, आणि त्या चालत नाहीत हा नियम माझाच होता. भारी राग आला. पोरांचा नाही, ती मोठी झाली याचा.

गुरुवारी नवरा बाहेर गेला होता, पोरं शाळेत, घरात मी एकटी होते. पाळणा उघडला, पुसला, सांध्यांना तेल घातलं आणि त्याच्या दांड्यावर डोकं टेकून मनसोक्त रडून घेतलं. तेवढ्यात समोरची विरजण मागायला आली. पाळणा बघून विरजण विसरली. दांड्यावरून हात फिरवत म्हणाली, "लई मजबूत हाय की ओ ताई! हे असलं कुठं मिळतंय?"

"तुमच्याकडे जागा आहे?" मी विचारलं.

"जागा काय, करायची की!"

मी टॅग सोडला. संध्याकाळी नवऱ्याने पाळणा उचलून समोर नेऊन ठेवला. "दुसऱ्या खात्यात बदली," एवढंच म्हणाला.

डिनर सेट स्वयंपाकघरात वापरात आला, खोकं भंगारवाल्याने नेलं. रविवारी मी घरी आले तर पोरांनी गॅलरी धुऊन चटई अंथरली होती. दोन क्रेट भिंतीला. मुलगा गणितं करत होता, मुलीची भातुकली मांडलेली होती. मी नेहमीसारखी वाळायच्या कपड्यांची बादली घेऊन दाराशी गेले.

मुलीने हात आडवा केला. "सामान नाही आणायचं. रिकाम्या हाताने ये."

मी बादली खाली ठेवली आणि चटईवर मांडी घालून बसले. तिने भातुकली बाजूला सारली आणि सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली. पाय पार कठड्यापर्यंत गेले, पण मावली.