घासलेला नंबर

लातूरच्या ज्या क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो, तिथं नोट्स गडद लाल कागदावर छापत. झेरॉक्स काढली की पान काळंठिक्कर. पोरांचे डोळे दुखायचे, पण आपला एक प्रश्नही समोरच्या क्लासला मिळता कामा नये, हा संचालकांचा हुकूम. मी त्या लाल कागदाला मनातल्या मनात शिव्या घालायचो, कारण माझं स्वतःचं वागणं बरोबर उलटं होतं.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या कॉलेजातून मेकॅनिकल झालो, आणि हे सांगताना आजही माझी मान ताठ होते. मी शिकत होतो तेव्हाच भूकंप झाला. आमच्या भागातली डाळ भरडायची दगडी जाती घरांच्या दगडांखाली गेली. पुढं पत्र्याची शेडं मिळाली, मग पुनर्वसनाच्या वसाहतीत सिमेंटची घरं मिळाली. जातं मात्र कुणी दिलं नाही. मग आपल्या रानातली तूर टेंपोत घालून लातूरच्या दालमिलला विकायची आणि तिचीच डाळ दुकानातून महाग घेऊन यायची, हे सुरू झालं. बायांना ते फार खुपायचं. मलाही.

म्हणून मी छोटी दालमिल बनवली. घरातल्या विजेवर चालणारी, दोघी बायांना उचलून सरकवता येईल अशी. रोलर आणि चाळणीची जोडणी माझ्या डोक्यातली. कॉलेजातल्या सरांनी मागं लागून तिचं पेटंट घ्यायला लावलं, आणि ते मिळालं. म्हणजे माझ्या परवानगीशिवाय ती कुणी बनवायची नाही. पण वसाहती एवढ्या, मी एकटा किती पुरणार? मी ड्रॉइंगच्या झेरॉक्स काढल्या, पांढऱ्या कागदावर, आणि लातूर-नांदेडच्या वर्कशॉपांत वाटल्या. खाली लिहिलं: कुणीही बनवा, सुधारा, विका. मला विचारू नका. बेअरिंग तर मुद्दाम असं निवडलं, की लातूरच्या बाजारात, गंजगोलाईतल्या कुठल्याही दुकानात मिळावं.

"फुकट देऊन राहिले म्हंजे कायतर गडबड असंल, इंजिनियर साब," एक वर्कशॉपवाले चाचा तोंडावरच म्हणाले. बाकीचेही हसले. फक्त माझ्या कॉलेजातल्या एका मित्रानं ड्रॉइंग उचललं. एमआयडीसीत शेड घेतलं, मशिनीला हिरवागार रंग दिला आणि विकायला लागला. मला आनंद झाला. खरंच झाला.

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासरच्या वसाहतीत बायांच्या बचत गटानं त्याच्याकडूनच हिरवी मशीन घेतली. ऐन तुरीच्या दिवसांत ती किरकिरली आणि बंद पडली.

"आरं, तुझंच मशीन हाय म्हणला की त्यो," अक्का फोनवर तडकली. "तुझं नाव सांगून दिलं आन् आता रुसून बसलंय. बाया तूर घिऊन दारात बसल्यात. मी काय त्येंच्या तोंडाकडं बघू? ये लौकर."

माझ्या ड्रॉइंगातलं बेअरिंग खिशात टाकून मी एसटीनं गेलो. मशीन उघडली. बेअरिंग बसेना. आतलं जुनं बाहेर काढलं तर माझ्या मिलिमीटरच्या जागी ते इंची मापाचं, आणि कडेवर जिथं नंबर असतो तिथं ग्राइंडर फिरवून न्हाव्यानं दाढी करावी तसं गुळगुळीत केलेलं. नंबर सांगितल्याशिवाय दुकानदार बेअरिंग देत नाही. मी मापं घेऊन नंबर काढला, तरी ते लातुरात कुणाकडं नव्हतं.

तसाच मित्राच्या शेडवर गेलो.

"नंबर का घासलास?"

"बस तर. चहा घे."

"चहा राहू दे."

"अरे राजा, नंबर ठिवला तर गिऱ्हाईक बाजारातून बेअरिंग घेतंय, आन् शेजारचा शेडवाला आख्खी मशीनच उचलतोय. मी काय भजन करू?"

"तू कुठून उचललीस?"

"तूच लिहिलं होतंस, सुधारा म्हणून. मी सुधारली." तो हसला. मग हळूच म्हणाला, "आन् तुमच्या क्लासच्या नोटा लाल कागदावर कशाला रं छापतेत? तिथला पगार चालतो की तुला."

मी घासलेलं बेअरिंग त्याच्या टेबलावर आपटलं. बेअरिंग मागितलं तर म्हणाला, संपलेत, पुण्याहून येतील.

क्लासमध्ये जाऊन संचालकांना म्हणालो, "सर, माझे धडे तरी पांढऱ्या कागदावर छापा."

"सर, तुम्ही फिजिक्स शिकवा," ते म्हणाले. "डाळ घरी भरडा."

पुण्याहून काही आलं नाही. शेवटी त्याच वर्कशॉपवाल्या चाचांकडं गेलो. शाफ्ट लेथवर कातून थोडा बारीक केला, बेअरिंगच्या जागेतली फट भरायला बुश ठोकला, तेव्हा कुठं बाजारातलं बेअरिंग बसलं. त्या सगळ्यात आठवड्याच्या वर गेला. मशीन बसवायला चाचाही सोबत आले. पट्ट्यावरच्या झाकणावर मी ऑइलपेंटनं ठळक लिहिलं: बेअरिंगचा नंबर, पट्ट्याचं माप, चाळणीचं माप.

"हे वाचून कुणीबी दुसरी बनवंल," चाचा म्हणाले.

"हाव. म्हणूनच लिहून राहिलो."

अक्कानं बटण दाबलं. मशीन सुरेख सुरू झाली. आवाज ऐकून दोन-तीन बाया आल्या, दारात उभ्या राहून मशीन बघायला लागल्या. कुणाच्याच हातात काही नव्हतं. सगळ्यांची तूर टेंपोत भरून लातूरला गेली होती. त्या तरी किती दिवस वाट बघणार?

"चांगलं चालून राहिलंय," अक्का म्हणाली. "आता ह्यात भरडू काय? तुझं डोस्कं?"

मी बटण बंद केलं. अक्कानं आम्हाला जेवायला वाढलं. वरण दुकानातल्या डाळीचं होतं.