लीव्ह म्हणजे सोडणे

पंजाबातल्या रायकोटच्या बस अड्ड्यामागे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर मास्टर बचित्तर सिंग इंग्रजी शिकवतात. शिकवतात कसले, कॅनडाच्या परीक्षेसाठी पोरापोरींना रंधा मारून काढतात. सरकारी शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण आवाज अजून साठ पोरांच्या वर्गाचा. आणि या माणसाचं सगळ्यात जुनं वैर कुणाशी म्हणाल, तर एका क्रियापदाशी. लीव्ह.

पंजाबीत सोडणं एकच. नवरा बायकोला अड्ड्यावर सोडतो तेही सोडणं, टाकून देतो तेही सोडणं. मग एखादी नवी नवरी तोंडी परीक्षेत ऐटीत सांगते, "माय हजबंड लीव्ह्ज मी एव्हरी मॉर्निंग." परीक्षक बिचारा हळहळतो, रोज सकाळी?

"अगं बये," मास्टरजी टेबल बडवत, "मोटरसायकलवरून उतरवून गेला तर ते ड्रॉप! लीव्ह म्हणजे गेला, संपलं, काडीमोड!"

अर्धं रायकोट या माणसाने विमानात बसवलं. पण घरातलं माणूस निघालं तेव्हा मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुलगा लखबीर कॅनडात, ब्रॅम्प्टनला. सुनेचं बाळंतपण आलं आणि त्याने आईला सहा महिन्यांसाठी बोलावलं. बापालाही बोलावलं होतं. बाप म्हणाला, "मी काय बर्फ उपसायला येऊ?" आता अशा माणसाला दुसऱ्यांदा कोण विचारतो?

शिंदर कौर आणि मास्टरजी लग्नाला अडतीस वर्षं झाली तरी कधी आठवडाभरही लांब राहिले नव्हते. 'जाऊ नकोस' हे दोन शब्द म्हाताऱ्याच्या तोंडून काही बाहेर येईनात. त्याऐवजी बाहेर आलं इंग्रजी.

"तिकडे विमानतळावर साहेब विचारेल, नवरा कुठाय? तर सांगायचं, माय हजबंड ड्रॉप्ड मी ॲट दिल्ली."

शिंदर कौर पिन्न्या वळत होती. सुनेसाठी तुपाचे लाडू, डबाभर. "ड्रॉप म्हणजे?"

"सोडलं."

"परवा लखबीर म्हणत होता, फोन ड्रॉप झाला आणि काच फुटली. मला काय पाडणार आहात का तुम्ही? मी लेफ्टच म्हणणार."

"लेफ्ट म्हणालीस तर साहेबाला वाटेल, मी तुला टाकली!"

"वाटू दे. आणि एवढी अडतीस वर्षं झाली, मला कधी कुठं सोडायला आलात? माहेरी जाताना अड्ड्यापर्यंतसुद्धा नाही. आधी सोडायला या, मग इंग्रजी शिकवा."

झालं! मास्टरजी भडकले. "जा, दिल्लीलाही येत नाही!"

सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही. जायच्या दिवशी पहाटेच उठून त्यांनी लग्नकार्यातली मोरपिशी पगडी बांधली, बूट पुसले आणि ओसरीवर बसून राहिले. कुणीतरी एकदा म्हणावं, चला ना. कुणी म्हटलं नाही. टॅक्सीत पोचवायला निघालेला भाचा पुढे बसला, शिंदर कौर डबा मांडीवर घेऊन मागे बसली, शेजारची जागा रिकामीच राहिली. टॅक्सी गेल्यावर मास्टरजींनी पगडी सोडली आणि चहा करायला गेले. साखर कुठल्या डब्यात असते, हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग भरलेला असताना फोन वाजला. मास्टरजींना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. वीस पोरं कान टवकारून बसली.

"पोचले बरं का," शिंदर कौर ओरडली. "साहेबाने विचारलंच, हजबंड कुठाय म्हणून."

"मग? ड्रॉप म्हणालीस ना?"

"कसं म्हणू? तुम्ही आलाच नाहीत. उगाच खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, ही डिड नॉट लीव्ह मी. आय लेफ्ट हिम."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मास्टरजींनी सवयीने वाक्य तपासलं. कर्ता बरोबर, काळ बरोबर, कर्मसुद्धा जागच्या जागी. त्याने मला सोडलं नाही, मी त्याला सोडलं. तीस वर्षं हजारो वह्या लाल केल्या, पण इथे शाई टेकवायला जागा नव्हती.

"अहो, ऐकताय ना? साहेब सॉरी म्हणाला आणि ठप्पा मारून दिला. चुकलं का काही?"

"नाही," मास्टरजी म्हणाले. "काही चुकलं नाही." मग त्यांचा आवाज एकदम बसला. वर्गाचं भान राहिलं नाही. "शिंदर, मला करमत नाही गं. यायला हवं होतं मी दिल्लीला."

पलीकडून विमानतळाचा गोंगाट येत होता.

"ऑक्टोबरात परत येते," ती म्हणाली. "घ्यायला या. टॅक्सी पाठवलीत ना, तर तशीच मागे फिरेन."