मागच्या चाकाला कुंकू

शिकंजा वाकला तेव्हा भारतला वाटलं, गाडीच्या ब्रेकचा पिस्टन आत चाललाय. म्हणून त्यानं आणखी जोर लावला. मग कर्र करून आवाज झाला आणि त्रिंबक आप्पा सुतारांकडून मागून आणलेला, त्यांच्या वडलांपासून चालत आलेला, लाकूड आवळून धरायचा लोखंडी शिकंजा केळ्यासारखा वाकडा झाला. पिस्टन मात्र रुसलेल्या जावयासारखा जागच्या जागी ढिम्म.

"काय झालं?" आतून त्याच्या बायकोनं, राजश्रीनं विचारलं. तिची शिलाई मशीन थांबली होती.

"काई न्हाई."

"काई न्हाईचा एवढा आवाज येतो व्हय?"

वाकडा शिकंजा भारतनं पोत्याखाली सरकवला, जणू झाकल्यानं तो सरळ होणार होता.

तेलगावात भारतची ओळख 'खोलून बघणारा' अशी आहे. नोकरी वजनकाट्यावर. उसाच्या दोन ट्रकांच्या मधला वेळ काढायला बाकीचे मोबाइल बघतात, हा काहीतरी खोलतो. आजवर मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ, पिठाच्या गिरणीची मोटर, झालंच तर काट्यावरचा पंखा त्यानं खोलला आणि परत बसवला. म्हणजे काम येतं त्याला, नाही असं नाही. फक्त दर वेळी एखादा स्क्रू उरतो. ते उरलेले स्क्रू राजश्रीनं श्रीखंडाच्या डब्यात साठवलेत. घरातलं सगळं चालू आहे आणि डबाही भरत चाललाय, हे कोडं तिला अजून सुटलेलं नाही.

गाडीही त्यानं अशीच हौसेनं घेतली. पुण्याहून आलेली, तिसऱ्या हाताची, लांबलचक. "चारी चाकाला डिस्क हाय," हे तो गाडीचा रंग सांगायच्याही आधी सांगायचा. आसपासच्या गाड्यांना मागच्या चाकाला जुन्या पद्धतीचा ड्रम ब्रेक असतो, त्यामुळे ऐकणाराही मान डोलवायचा. त्या मोठेपणाची किंमत मागचा ब्रेक संपल्यावर कळली. गावातल्या मिस्त्रीनं चाकाच्या आत वाकून बघितलं, हात पुसले आणि सांगितलं, "ड्रम असता तर करून दिलं असतं. हे शहरात न्या."

ब्रेक संपलाय हे कळलं धारूरच्या घाटात. उतरताना मागून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज यायला लागला. मागच्या सीटवर भारतची आई, भिमाबाई, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून बसलेली. घरी आल्यावर राजश्रीनं एवढंच सांगितलं, "या गाडीत आत्या परत बसणार न्हाईत."

आणि रविवारी धारूरला रोहिणीच्या पोराचं जावळ होतं. रोहिणी भारतची धाकटी बहीण. लग्नानंतर लई वर्षांनी तिला हे पोर झालेलं. जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसतं, म्हणजे भारतला जाणं भागच. तो फटफटीवर गेला असता. पण भिमाबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. एसटीची पायरी तिला चढवत नव्हती आणि जीपमध्ये कोंबून बसणं जमणार नव्हतं. नातवासाठी तिनं हातानं कुंची शिवली होती आणि ती उशाला ठेवून झोपत होती. गाडी झाली तर आजी जावळाला, नाही झाली तर आजी घरी. इतकं सरळ होतं.

म्हणून शनिवारी भारतनं रजा टाकली. नव्या डिस्क, म्हणजे चाकाआड फिरणाऱ्या लोखंडी थाळ्या, आणि त्यांना धरणारे पॅड कुरिअरनं आले होते. पुढच्या चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक सोडला, जॅक लावून गाडीखाली लाकडाचा ओंडका सरकवला, चाक काढलं. इथवर सगळं शिस्तीत. मग नव्या, जाड पॅडला जागा व्हावी म्हणून पिस्टन आत दाबायला शिकंजा.

राजश्री बाहेर आली. पोत्याखालून डोकावणारं शिकंज्याचं टोक तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"व्हिडिओ पूर्ण बघितलाता का?"

"बघितला की. मागच्या वर्षी पुढचा ब्रेक याच शिकंज्यानं दाबून बसवला न्हाई का?"

"मी मागच्या ब्रेकचं विचारतीय."

मागच्या ब्रेकचा भाग सुरू झाला तेव्हा भारतनं 'तेच असतंय सगळं' म्हणून व्हिडिओ बंद केला होता. आता राजश्रीनं तो लावला. व्हिडिओतल्या माणसानं पहिल्याच वाक्यात सांगितलं की मागच्या पिस्टनला हँडब्रेक जोडलेला असतो, त्याला आत आटे असतात, तो दाबायचा नाही, फिरवायचा. राजश्रीनं मोबाइल भारतच्या हातात दिला आणि मशीनवर जाऊन बसली. तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

नशीब एवढंच की पिस्टनचं रबर फाटलं नव्हतं आणि थेंबभरही ऑइल गळत नव्हतं. पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा होत्या. खाचांत बसंल अशी दोन दातांची चावी लागणार. अशी चावी भारतनं रोज बघितलेली, ग्राइंडरचं पातं बदलायला वापरतात ती. ती आणायला जाण्याआधी त्यानं नव्या डिस्क थिनरनं पुसल्या. गंज लागू नये म्हणून कारखान्यातून त्यांना तेल लावून पाठवतात. चिंधी पांढरी राहीपर्यंत पुसल्या, ओट्यावर कागदावर मांडल्या आणि तो त्याच्या मित्राच्या, सुरजच्या, फॅब्रिकेशनच्या दुकानात गेला.

"ग्राइंडरची चावी दे बे."

"कशाला? ग्राइंडर घेतला का?"

"ब्रेकला लागतीय."

सुरजनं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला. "उद्या तुझ्या भाच्याचं जावळ हाय ना? चावी ने. पण जावळाला ग्राइंडर मागितला तर देणार न्हाई, सांगून ठेवतो."

भारत परत आला तर डिस्क आधीपेक्षा जास्त चमकत होत्या. दोन्हींवर गोडेतेल चोपडलेलं आणि त्यावर पाच-पाच बोटं हळदकुंकू. शेजारी तेलाची वाटी घेऊन भिमाबाई समाधानानं बसलेली.

"माय, हे काय केलंस?"

"नवं लोखंड घरात आलं. कोरडं ठेवतेत का? तवा असो, विळा असो, तेल लावल्याबिगर आपण वापरत न्हाई. तू तर पुसून पुसून पार उघडंबोडकं केलंतं."

"आगं, यालाच धरून गाडी थांबती. तेल असल्यावर कशी थांबल?"

"म्हणजे चालायला तेल लागतं अन् थांबायला चालत न्हाई?"

"तसंच हाय."

"लई नाटकी हाय तुझी गाडी." तिनं विचार केला. "बरं, तेल पूस. कुंकू पुसू नको."

कुंकू तेलातच कालवलेलं होतं. भारतनं थिनरची चिंधी उचलली आणि तसाच बसून राहिला. तो काही फार देवभोळा नाही. पण जावळाच्या आदल्या दिवशी, आईनं लावलेलं कुंकू आईसमोर पुसायला त्याचा हात रेटेना.

आतून मशीन चालवता चालवता राजश्री म्हणाली, "आत्या, तुमीच पुसा की. तुमी लावलं, तुमी पुसलं. कुणाला दोष न्हाई."

भिमाबाईनं चिंधी घेतली, वासानं तोंड वाकडं केलं आणि डिस्क पुसल्या. भारतनं मागून स्वच्छ चिंधीनं त्या परत घासल्या.

"आता कुंकू कुठं लावू?"

भारतनं डिस्कच्या मधला उंच भाग दाखवला. "या टोपीच्या कडंला लाव. हितं ब्रेक धरत न्हाई. पण कोरडं लाव."

"चाक बसल्यावर दिसंल का?"

"आपल्याला न्हाई दिसायचं. ज्याला बघायचंय त्याला दिसंल."

हे उत्तर भिमाबाईला पटलं. भारतला स्वतःलाही थोडं आवडलं.

मग कामाला वेग आला. जुनी डिस्क गंजून चिकटली होती, तिला हातोड्यानं ठोकून सोडवलं. जुन्या पॅडवरचा मसाला पार संपून नुसती पत्र्याची पट्टी उरली होती. भारतनं ती राजश्रीला नेऊन दाखवली. तिनं ती हातात घेऊन उलटी-सुलटी केली आणि मशीनवर ठेवून दिली. घाटात हेच होतं खाली, हे दोघांनाही वेगळं सांगायची गरज नव्हती. ग्राइंडरची चावी खाचांत बसली. दाबत दाबत फिरवली तसा जावई मुकाट्यानं आत गेला. नवे पॅड बसले, बोल्ट आवळले. दुसरं चाकही तसंच.

गाडीत बसून भारतनं पाय दाबला तर पेडल थेट खाली टेकलं. पण या वेळी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलेला होता. पेडल पुन्हा पुन्हा दाबत राहिला, तेव्हा ते हळूहळू कडक झालं.

राजश्री श्रीखंडाचा डबा घेऊन आली. "यात टाकायला काय उरलं?"

"काईच न्हाई."

"नीट बघा."

भारतनं गाडीखाली वाकून बघितलं. खरंच काही उरलं नव्हतं. त्याचा त्यालाच विश्वास बसेना.

तरी भिमाबाईच्या आधी राजश्रीच गाडीत बसली. काट्याच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर भारत गाडी पळवायचा, हळू करायचा, परत पळवायचा, म्हणजे नवे पॅड डिस्कवर नीट बसतात. राजश्री दाराच्या वरची कडी घट्ट धरून होती. परत फिरताना तिनं कडी सोडली आणि पदर सारखा केला. "आत्यांना सांगते तयारी करायला," ती म्हणाली.

रविवारी निघताना, मागं आप्पा घरी आले तर सापडू नये म्हणून, भारतनं वाकडा शिकंजा पोत्याखालून काढून डिक्कीत टाकला. धारूरला जावळ झालं. पोरानं मामाच्या मांडीवर असा गळा काढला की न्हाव्यालाच घाम फुटला. शेवटी भिमाबाईनं त्याला कुंची घातली तेव्हा ते गप्प बसलं आणि तिच्याकडं टकाटका बघत राहिलं. भिमाबाईनं डोळे पुसले आणि धुराचं नाव पुढं केलं. तिथं धूर नव्हता.

संध्याकाळच्या आत परत निघाले. घाट उतरताना भारतनं गिअर खाली घेतला, वळणावर ब्रेकवर पाय ठेवला, सोडला. आवाज नाही. परत वळण, परत आवाज नाही. एवढं करून कुणी काही बोलेना, तेव्हा त्याला जरा रागच आला.

राजश्रीनं मागं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आत्या झोपल्यात."

भारतनं ते शाबासकीसारखं ठेवून घेतलं.

तेलगावच्या चौकात त्रिंबक आप्पा रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे होते. ब्रेक खराब असता तर न थांबायला कारण होतं. पण गाडी त्यांच्यापुढं अलगद, सरळ रेषेत थांबली.

"भारत, शिकंजा कुठाय? उद्या चौकट बसवायचीय."

"आणून देतो आप्पा. उद्याच."

"कालबी उद्याच म्हणलास."

आवाजानं भिमाबाई जागी झाली. "त्रिंबक, लई चांगला ब्रेक केला बघ यानं. तुझाच शिकंजा लावलाता."

आप्पांचा चेहरा खुलला. त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली. "मंग! आमच्या वडलांचा शिकंजा हाय तो. जा, बिनघोर जा."

राजश्री खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. भारतनं ब्रेक सोडला, गाडी खड्ड्यातून निघाली आणि मागं डिक्कीत वाकडा शिकंजा खडखडला.